याकी-ओनिगिरी जाळीवर फुटते, चिकटते, करपते: नेमकं कुठे बिघडतं?

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. साधी ओनिगिरी, म्हणजे दाबून वळलेला जपानी भाताचा गोळा, छान वळली जाते, डब्यातही टिकते. पण तीच भाजून याकी-ओनिगिरी करायला जाळीवर ठेवली की पहिल्याच पलटीला अर्धी जाळीला चिकटून राहते, उरलेली चिमट्यातून सुटते, आणि ज्या दोन-तीन शाबूत राहतात त्यांच्या कडा काळ्या आणि पोट पांढरंफटक. मग कुणी आच कमी करतं, कुणी जास्त घट्ट दाबतं, कुणी नवी जाळी आणतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. इथल्या मराठी घरांत हा पदार्थ बहुतेक वेळा मुलांच्या हट्टाने शिरतो. मित्राच्या घरी खाल्लेला असतो, नाहीतर इझाकायात, म्हणजे जपानी खानावळवजा बारमध्ये, जेवणाच्या शेवटी मागवलेला. शाकाहारी माणसांनाही तो चालतो, कारण अस्सल याकी-ओनिगिरीत सारण नसतं. भात, सोया सॉस आणि आच एवढंच. म्हणूनच ती बिघडली की जीव हळहळतो. बिघडायला वस्तूच किती कमी आहेत!

माझं मत ठाम आहे: याकी-ओनिगिरीचं जवळजवळ प्रत्येक दुखणं पाण्याचं असतं. भातात जास्तीचं पाणी, हातावरचं पाणी, वाफ धरून ओला झालेला पृष्ठभाग, वेळेआधी लावलेल्या सॉसमधलं पाणी. आचेकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

आधी फुटलेली ओनिगिरी टाकून न देता नीट बघा. शितं सुटी होऊन चुरा झाला असेल तर दोष तांदळात किंवा शिजवण्यात आहे. स्वच्छ रेष पडून दोन तुकडे झाले असतील तर वळण्यात. वरचा भाग धड आणि खालचा थर जाळीला चिकटलेला असेल, तर तुम्ही घाई केली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

चुरा होतोय

भात शिताला शीत धरून राहतो तो पिष्टामुळे. पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जितकं जास्त तितका भात मोकळा. कोशिहिकारीसारख्या जपानी तांदळात ते साधारण १६ ते १८ टक्के असतं, बासमतीत २० टक्क्यांच्या वर. त्यामुळे बासमतीची याकी-ओनिगिरी होत नाही, आणि कोलमचीही नाही. कितीही दाबा, जाळीवर ती उलगडणारच. जपानी वाणांतही फरक आहे. सुशीवाल्यांना आवडणारा सासानिशिकी तोंडात मोकळा होतो, म्हणून जाळीवर तो जरा नाजूक. उलट मिल्की क्वीनमध्ये अमायलोज फारच कमी; त्याची ओनिगिरी फुटत नाही, पण आचेवर बसकी होते. १९५६ साली नोंदवला गेलेला कोशिहिकारी या कामाला अजूनही सगळ्यात भरवशाचा वाटतो.

वाण बरोबर आणि तरीही चुरा, असं झालं तर पिशवीची मागची बाजू वाचा. तिथे पिकाचं वर्ष आणि पॉलिश केल्याचा काळ छापलेला असतो. २०२५ मध्ये इथे तांदळाचा भाव ५ किलोला ४,००० येनच्या वर गेला, तेव्हा सरकारने साठ्यातला २०२१ आणि २०२२ च्या पिकाचा तांदूळ बाजारात आणला. पुष्कळ घरांनी तो घेतला, आम्हीही. खायला चांगला होता, पण जुना तांदूळ कोरडा असतो आणि त्याचा चिकटपणा कमी पडतो. असा तांदूळ नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी तास-दीड तास भिजवा आणि पाणी किंचित वाढवा. कॅलिफोर्नियाच्या कॅलरोजलाही हेच लागू. तो मध्यम दाण्याचा आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत बहुधा तोच असतो आणि त्याची याकी-ओनिगिरी होते, फक्त भिजवण्यात कंजुषी नको.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: जपानी तांदूळ मिळाला नाही तर इंद्रायणी घ्या, तोही नवा. जुना इंद्रायणी मोकळा शिजतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला आणि शिजल्यावर गरम भाताचा तिसरा हिस्सा पळीच्या पाठीने चेचून बाकीच्यात मिसळा. हा चेचलेला भात बाकीची शितं धरून ठेवतो. यात कसली तडजोड नाही, जपानात डोंगराळ भागात हेच करतात. अकिताचे काठीभोवती थापलेले किरितान्पो काय, किंवा नागानो-गिफूकडचे काठीवर थापून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं दाट वाटण) लावून भाजलेले गोहेइमोची काय, दोन्हींत भात अर्धवट कुटूनच घेतात, म्हणून ते निखाऱ्यांवर उभे धरले तरी गळून पडत नाहीत.

आता पाण्याचं माप. राईस कुकरबरोबर येणारा कप १८० मिलिलिटरचा असतो. त्याला एक गो म्हणतात आणि त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. एवढ्याला नेहमी २०० मिलिलिटर पाणी लागतं. याकी-ओनिगिरीसाठी मी १० ते १५ मिलिलिटर कमी घालते. तीन गो तांदळाचा साधारण एक किलो भात होतो आणि शंभर-शंभर ग्रॅमच्या नऊ-दहा ओनिगिऱ्या निघतात. चार माणसांच्या घराला तेवढ्या पुरतात.

कुकर बंद झाला की दहा मिनिटं झाकण उघडू नका. मग उघडून पळीने भात तळापासून वर आणा, शितं न चिरडता, आणि कोंडलेली वाफ जाऊ द्या. ही पायरी गाळली तर झाकणाखाली जमलेलं पाणी भातात परत मुरतं. वरचा भात ठीक आणि तळाचा गिचका होतो. तळाच्या भाताची ओनिगिरी मग हमखास चिकटते.

फ्रीजमधला कालचा भात वापरताय? थंड झाल्यावर पिष्ट पुन्हा कडक होतं आणि फ्रीजच्या तापमानाला ते सगळ्यात लवकर होतं. अशा भाताला कितीही वळा, तो एकजीव होणार नाही. पाण्याचा हबका मारा, झाकून मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत गरम करा आणि मगच वळायला घ्या. हातात धरवत नाही इतका गरम असायला हवा. कोमट भात पुरत नाही. उकडीच्या मोदकाची उकड जशी गरम असतानाच मळावी लागते, तसंच हे.

तरीही खात्री वाटत नसेल तर दोन गोच्या भातात एक मोठा चमचा काताकुरिको, म्हणजे बटाट्याचं पीठ, भुरभुरून मिसळा. जपानी घरांतली ही नेहमीची युक्ती आहे. चव बदलत नाही, कवच मात्र जास्त कुरकुरीत येतं.

दोन तुकडे होतायत

याचं कारण बहुतेक वेळा आकार. दुकानातल्या ओनिगिरीसारखा जाड, टोकदार त्रिकोण दिसायला छान, पण भाजायला वाईट. टोकं आधी करपतात, आणि आतपर्यंत ऊब पोचेस्तोवर बाहेरचा थर वाळून भेगा पडतात. जाडी अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. गोल चपटी करा, किंवा कोपरे बोथट केलेला चपटा त्रिकोण. मुलांसाठी ८० ग्रॅमच्या छोट्या केल्या तर उलटायलाही सोप्या जातात.

दाब किती द्यायचा? साधी ओनिगिरी हलक्या हाताने, तीन-चार वेळा फिरवून वळतात, म्हणजे खाताना ती तोंडात सुटते. भाजायची असेल तेव्हा तो नियम सोडा. दोन्ही तळव्यांनी नीट दाबा, फिरवा, परत दाबा, आणि कडेला बोटाने गुळगुळीत करत या. कडेला एखादी भेग दिसली तर ती तिथेच बुजवा. आचेवर ती वाढतेच. दाब सगळीकडे सारखा हवा. एका बाजूने घट्ट आणि दुसरीकडून सैल अशी वळली की त्या सीमेवरच ती तुटते.

हात पाण्यात बुडवून वळायची सवय असेल तर इथे ती मोडा. हातावरचं पाणी बाहेरच्या शितांमध्ये शिरतं आणि तेच नंतर जाळीला डकतं. त्याऐवजी हाताला चार थेंब तिळाचं तेल लावा, किंवा प्लॅस्टिक रॅपमध्ये गुंडाळून वळा. रॅपचा आणखी एक फायदा आहे: हातावरचे जिवाणू भातात जात नाहीत. डब्याला द्यायची असेल तर मी दुसरा विचारच करत नाही.

सारणाचं म्हणाल तर नकोच. ट्यूना-मेयो आचेवर पातळ होतं आणि ओनिगिरी आतून फोडतं. चीज मुलांना फार हवं असतं, पण ते वितळून भेगेतून बाहेर येतं आणि जाळीवर जळतं. अगदीच हवं असेल तर कोंबूचं (समुद्री शैवालाचं) कोरडं त्सुकुदानी, म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं तोंडीलावणं, शेंगदाण्याएवढं, बरोबर मध्यभागी.

खालचा थर जाळीला राहतो

मला सगळ्यात जास्त या प्रकाराबद्दल सांगायचं आहे, कारण निम्म्याहून जास्त ओनिगिऱ्या इथेच जातात.

वळल्याबरोबर आचेवर ठेवू नका. जाळीच्या स्टँडवर उघड्या ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. ताटात ठेवाल तर खालची बाजू घाम धरेल. झाकाल तर सगळीच. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवा. बोट लावून बघा: शितं हाताला लागली नाहीत, वरून किंचित कोरडी आणि चामट वाटली, की तयार.

मग सॉस न लावता, कोरडीच भाजा. दोन्ही बाजूंनी. यात कसलीही सूट नाही. बाहेरच्या थरातलं पाणी उडालं की शितं एकमेकांना घट्ट धरतात आणि पातळ, कडक कवच तयार होतं. ओनिगिरीला पेलतं ते हे कवच. सॉस आधी लावला तर तेच पाणी आपण परत आणून ठेवतो, कवच धरत नाही, आणि वरून सॉसमधली साखर जाळीला चिकटते.

तवा असेल तर मध्यम आचेवर एका बाजूला पाच-सहा मिनिटं लागतात. या वेळात हात लावायचा नाही. उचलून बघायचा मोह फार होतो, पण तेवढ्यानेच नाजूक कवच फाटतं. चॉपस्टिकने कडेला हलकेच ढकलून बघा. अख्खी ओनिगिरी सरकली तर उलटा. जराही अडली तर आणखी एक मिनिट थांबा. चिकटलेली ओनिगिरी बऱ्याचदा आपणहून सुटते, कारण कवच पूर्ण धरलं की तिची पकड जाते. उलटताना चिमटा नको, पातळ उलथनं खालून पूर्ण सरकवा. भाजलेल्या बाजूवर चॉपस्टिकने टकटक केलं तर कोरडा, पोकळ आवाज यायला हवा. मऊ, बसका आवाज आला तर अजून वेळ आहे. रंगावर जाऊ नका. या टप्प्यावर ती फिकट पिवळसरच असते, तपकिरी होत नाही.

जाळी वापरणार असाल तर ती रिकामीच दोन-तीन मिनिटं चांगली तापवा, मग तेलाचा बोळा फिरवा. गार जाळीवर ठेवलेला भात जाळीबरोबरच तापतो आणि तारांभोवती बसतो.

घरात लहान मुलं मागे लागलेली असताना सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे तव्यावर बेकिंग पेपर. जपानात याला कुकिंग शीट म्हणतात, दोन्ही बाजूंना सिलिकॉन असतं आणि भात त्याला चिकटत नाही. कागद तव्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, गॅसची ज्योत त्याला पकडते. आमच्याकडे याला दुसरंही कारण आहे. इथल्या गॅस शेगडीत मासे भाजायचा कप्पा असतो आणि याकी-ओनिगिरी त्यात फार सुंदर होते. पण मासळीचा वास कितीही घासलं तरी त्या कप्प्यात राहतो आणि गरम भात तो लगेच ओढून घेतो. सासूबाई भारतातून आल्या की त्यांच्यासाठी वेगळा तवा आणि कागद, यात मी हयगय करत नाही. त्यांनी निःशंक मनाने खावं, एवढंच वाटतं.

कडा काळ्या, मधे रंगच नाही

कोरडं कवच धरलं की आच कमी करा आणि मगच ब्रश हातात घ्या. जपानी गडद सोया सॉसमध्ये अमिनो आम्लं आणि साखर दोन्ही असतात. गरम पृष्ठभागावर त्यांची एकमेकांशी क्रिया होऊन तो तपकिरी रंग आणि खरपूस वास तयार होतो. ही क्रिया झपाट्याने होते, आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) असेल तर आणखी झपाट्याने, कारण मिरिनमध्ये साखर भरपूर. माझं प्रमाण: सोया सॉस दोन मोठे चमचे, मिरिन एक, तिळाचं तेल अर्धा छोटा चमचा. स्वस्त ‘मिरिनसारखा’ सॉस मिळतो, त्यात ग्लुकोजचा पाक असतो. तो वापरलात तर निम्माच घाला.

ब्रश जवळजवळ कोरडा हवा. एका बाजूला पातळ हात फिरवा, ती बाजू खाली करा, पाऊण ते एक मिनिट. चुरचुर आवाज ऐकू येईल. तो मंदावला की सॉसमधलं पाणी उडालं. मग दुसरी बाजू. असं दोनदा, हवं तर तीनदा. एकदाच भरपूर ओतलं तर सॉस आत मुरतो, कवच भिजतं, आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. कडांना सॉस शेवटी, ओनिगिरी उभी धरून लावा. त्या आधीच जास्त तापलेल्या असतात.

फिकट रंगाचा उसुकुची सोया सॉस ‘हलका’ समजून जास्त घालू नका. त्यात मीठ गडद सॉसपेक्षा जास्त असतं. आणि शाकाहारी घरांनी बाटलीवरचे घटक जरूर वाचावेत. दाशी (जपानी स्वयंपाकातलं मूळ सार) मिसळलेल्या सॉसमध्ये बहुतेक वेळा बोनिटो माशाचा अर्क असतो, चित्रात मासा नसला तरी.

भातातच सॉस कालवून मग वळायची पद्धतही आहे. आतपर्यंत चव लागते, मुलांना ते आवडतं. पण मग कोरडं भाजायचा टप्पाच उरत नाही, म्हणून अशी ओनिगिरी तव्यावर कागद घालूनच करा आणि आच सुरुवातीपासून मंद ठेवा. मला स्वतःला आत पांढरा भात आणि बाहेर खारट-खरपूस कवच हेच भावतं.

मिसोची गोष्ट वेगळी. मिसो दाट असतो आणि तो लावून बाजू खाली केली तर जाळीवरच राहतो. म्हणून दोन्ही बाजू कोरड्या भाजून घ्या, मिसो फक्त वरच्या बाजूला लावा आणि वरूनच आच द्या: टोस्टर ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटं, नाहीतर मासे भाजायच्या कप्प्यात. क्योतोचा गोड पांढरा मिसो पटकन जळतो, त्याच्यावरून नजर हटवू नका. निइगाताकडे आलं घातलेला मिसो लावून ओनिगिरी भाजतात, त्याला केन्सान-याकी म्हणतात. सोळाव्या शतकातला तिकडचा सरदार उएसुगी केन्शिन याच्या सैनिकांनी तलवारीच्या टोकाला लावून ती भाजली अशी तिकडची आख्यायिका आहे. आल्याचा तिखटपणा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. तिथे ती वाडग्यात ठेवून वरून गरम चहा किंवा दाशी ओतूनही खातात. तुमची फुटलेली ओनिगिरी असेल तर तिलाही हाच न्याय लावा. कोंबू आणि सुक्या शिताके अळंबीची दाशी, वर भाजलेले तीळ. आमच्याकडे मुलं कधी कधी मुद्दाम फोडून मागतात.

कोळशावर करायची असेल तर बाल्कनीत नको. इथल्या बहुतेक इमारतींत बाल्कनीत आग पेटवायला मनाई असते, आणि शिचिरिन (कोळशाची छोटी जपानी शेगडी) घरात पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. आमच्या जवळ कासाई रिंकाई पार्कमध्ये बार्बेक्यूची जागा आहे. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आल्याशिवाय ओनिगिरी ठेवू नका. जाळीच्या वर हात धरून चार-पाच सेकंद सहन होत असेल तर आच बरोबर आहे. ज्वाळा दिसत असतील तर थांबा.

डब्यात मऊ पडते, फ्रीझरमधून काढली की फुटते

डब्यात घालण्याआधी पूर्ण निवू द्या, स्टँडवरच. गरम भरली तर झाकणाला घाम सुटतो आणि कवच तासाभरात ओलं होतं. नोरी (वाळवलेल्या समुद्री शैवालाचा कागदासारखा पापुद्रा) आधी गुंडाळू नका, वेगळी द्या. जूनच्या पावसाळी दिवसांपासून सप्टेंबरपर्यंत डब्यात बर्फाची पिशवी ठेवाच. वरून भाजलेली आहे म्हणून ती टिकेल असं नाही. आतला भात साध्या भातासारखाच खराब होतो, आणि काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

जास्तीच्या करून ठेवायच्या असतील तर फ्रीजमध्ये नाही, थेट फ्रीझरमध्ये. कोरड्या भाजून, सॉसचा एक हात देऊन, किंचित कोमट असतानाच एकेक रॅपमध्ये गुंडाळा. काढल्यावर गोठलेली तशीच तव्यावर टाकली तर बाहेर करपते आणि आत बर्फ राहतो, आणि उलटताना त्या दोन थरांच्या मधोमध तुटते. आधी रॅपसकट मायक्रोवेव्हमध्ये आतपर्यंत गरम करा, रॅप काढून दोन मिनिटं उघडी ठेवा, वाफ जाऊ द्या. मग मंद आचेवर दोन्ही बाजू कोरड्या भाजून शेवटचा सॉसचा हात द्या.